पुडीतलं जंगल: मायकोरायझाच्या तयार मिश्रणांची उलटतपासणी

मायकोरायझा, म्हणजे झाडांच्या मुळांशी जोडी जमवून राहणारी बुरशी, पुडीत भरून विकली जाते. पाकिटावरचं चित्र ठरलेलं असतं. जमिनीवर डेरेदार झाड आणि जमिनीखाली त्याच्या मुळांपासून निघून शेजारच्या झाडापर्यंत पोचलेलं पांढरंशुभ्र जाळं. पाकीट फोडलं की राखाडी किंवा तपकिरी भुकटी निघते. तिच्यात वजनाने सर्वांत जास्त असतो तो वाहक, म्हणजे चिकणमाती, टाल्क, व्हर्मिक्युलाइट किंवा पीट. त्यात मिसळलेले असतात बीजाणू आणि बुरशी शिरलेल्या मुळांचे बारीक तुकडे. चित्रातलं जाळं आत नसतं, असूही शकत नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. हे उत्पादन खोटं नाही, पण ते ज्या कामासाठी विकलं जातं त्यापेक्षा फार थोड्या कामांना उपयोगी पडतं. निर्जंतुक माध्यमात वाढवलेली रोपं, खाणीतून उपसलेल्या मातीचे ढीग, वरचा थर खरवडून नेलेली जमीन, आणि ज्या प्रदेशात तो वृक्ष पूर्वी कधीच नव्हता तिथली नवी लागवड, अशा ठिकाणी योग्य प्रकारचं जिवंत मायकोरायझा आपली किंमत वसूल करून देतं. जुन्या झाडाच्या बुंध्याशी, चांगल्या बागेत किंवा स्फुरदाने (फॉस्फरसने) भरलेल्या वाफ्यात ते टाकणं म्हणजे भरल्या विहिरीत तांब्याभर पाणी ओतणं.

हा निकाल पटायला जंगलात नेमकं काय घडतं ते पाहावं लागतं.

मातीतला स्फुरद जागचा फारसा हलत नाही. मूळ आपल्या भोवतीचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा चाटूनपुसून रिकामा करतं आणि मग अडकतं. बुरशीचा धागा २ ते १० मायक्रॉन जाडीचा असतो, सर्वांत बारीक मुळापेक्षाही कितीतरी पटींनी नाजूक. मुळाचं टोक शिरणार नाही अशा फटींतून तो जातो आणि रिकाम्या पट्ट्यापलीकडे कित्येक सेंटिमीटर पोचून तिथला स्फुरद आणून देतो. बदल्यात झाड त्याला साखर आणि स्निग्ध पदार्थ देतं. झाडाने बनवलेल्या कर्बापैकी २० टक्क्यांपर्यंत वाटा या व्यवहारात जाऊ शकतो. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक यांनी १८८५ साली या जोडीला ‘मायकोरायझा’ हे नाव दिलं. ग्रीकमध्ये मायकेस म्हणजे बुरशी आणि रायझा म्हणजे मूळ.

या जोडीचे दोन मोठे प्रकार आहेत, आणि खरेदीतली निम्मी फसगत ते न ओळखल्यामुळे होते. बाह्य मायकोरायझा, म्हणजे एक्टो, मुळाच्या टोकावर मोज्यासारखं आवरण चढवतं. पेशींच्या मधल्या फटींत जाळी विणतं, पण पेशीच्या आत शिरत नाही. पाइन, देवदार, ओक, बर्च, बीच, साल ही त्याची झाडं. जंगलात पावसानंतर झाडाखाली उगवणाऱ्या छत्र्यांपैकी बऱ्याच या गटातल्या असतात. दुसरा प्रकार आर्बस्क्युलर, जुन्या लेबलांवरचा ‘व्हॅम’ (व्हेसिक्युलर-आर्बस्क्युलर मायकोरायझाचं लघुरूप). तो पेशीच्या भिंतीतून आत शिरतो आणि तिथे झुडपासारख्या फांद्या फुटलेली रचना तयार करतो. साग, आंबा, कडुनिंब, बांबू, मॅपल, बहुतेक फळझाडं आणि जवळपास सगळी गवतं याच्याकडे. व्हॅमच्या बुरशीला छत्री येत नाही. त्यामुळे फळझाडांसाठीच्या पाकिटावर लाल टोपीची, पांढऱ्या ठिपक्यांची छत्री छापलेली दिसली, तर छापणाऱ्याला आत काय आहे ते माहीत नाही एवढं नक्की. निलगिरी, पॉप्लर आणि विलो यांचं दोन्हींशी जमतं.

आता वापराशी थेट जोडलेली गोष्ट. व्हॅमची बुरशी जिवंत मुळाशिवाय जगत नाही. बीजाणू रुजतो, जवळच्या मुळातून झिरपणारी रसायनं मिळाली की त्याच्या धाग्याला भराभर फांद्या फुटतात आणि तो मुळाला भिडतो. मूळ जवळ नसेल तर धागा थोडासा वाढतो आणि साठवण संपली की थांबतो. स्वतःची मेदाम्लं पायापासून बनवण्याची सोयच या बुरशीकडे नाही, ती झाडाकडून घ्यावी लागतात. म्हणूनच ही बुरशी नुसत्या खाद्यमाध्यमावर टाकीत वाढवून पोत्यात भरता येत नाही. ती ज्वारी-मक्यासारख्या यजमान पिकाच्या मुळांवर कुंड्यांत किंवा प्रयोगशाळेत गाजराच्या मुळांच्या संवर्धनावर वाढवावी लागते. पाकीट स्वस्तात भरता येत नाही ते यामुळे, आणि भेसळीचा मोहही इथेच सुरू होतो. एक्टोच्या बऱ्याच जाती मात्र झाडाविना बशीत वाढतात.

जाळ्याबद्दल

‘तुमच्या झाडांना एकमेकांशी जोडा’ अशी ओळ आजकाल सर्रास असते. तिचं मूळ १९९७ सालच्या एका संशोधनात आहे. वनशास्त्रज्ञ सुझान सिमार्ड आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात बर्च आणि डग्लस फर यांच्या रोपांना कर्बाची वेगवेगळी समस्थानिकं देऊन, एकाकडचा कर्ब दुसऱ्यात पोचतो हे दाखवलं. ‘वुड वाइड वेब’ हा शब्द तेव्हापासून रुळला. २०१० साली डग्लस फरच्या जंगलातल्या ३० मीटर लांब-रुंद तुकड्यात बुरशीच्या आनुवंशिक खुणा तपासल्या गेल्या, तेव्हा एक झाड इतर ४७ झाडांशी जोडलेलं निघालं. २०१६ साली स्वित्झर्लंडमधल्या जंगलात उंच वाढलेल्या झाडांच्या मुळांमध्ये शेजाऱ्यांचा कर्ब आढळला.

इथपर्यंत ठीक. पण २०२३ साली याच विषयात वर्षानुवर्षं काम केलेल्या तीन संशोधकांनी, जस्टिन कार्स्ट, मेलनी जोन्स आणि जेसन होक्सेमा यांनी, प्रत्यक्ष जंगलातले पुरावे एकत्र तपासले. कर्ब बुरशीच्या धाग्यांतूनच गेला की मातीतल्या पाण्यातून, हे बऱ्याच प्रयोगांत वेगळं काढताच येत नाही, आणि मोठं झाड धाग्यांतून रोपांना पोसतं या दाव्याला जंगलातला भक्कम आधार नाही, असं त्यांनी मांडलं. एकच बुरशी अनेक झाडांच्या मुळांवर राहते हे पक्कं आहे. त्या जोडणीतून रोपाच्या वाढीला फरक पडेल एवढा माल जातो का, यावर वाद चालू आहे. पाकीट विकणाऱ्याने तो परस्पर निकाली काढलेला असतो.

वाद बाजूला ठेवला तरी एक अडचण उरते. जंगलातल्या बुरशा पाळीपाळीने येतात. कोवळ्या रोपांवर लॅकेरिया, हेबेलोमा, थेलेफोरा अशा जाती बसतात. झाडं मोठी झाली, पालापाचोळ्याचा थर साठला की रसुला, कॉर्टिनारियस, अमानिटा त्यांची जागा घेतात. दुसऱ्या टोळीतल्या बुरशा संवर्धनात वाढवणं कठीण, आणि बीजाणूंपासून रोपावर बसवणं त्याहून कठीण. पाकिटात येतात त्या सोप्या, लवकर पसरणाऱ्या जाती: पिसोलिथस, रायझोपोगॉन, स्क्लेरोडर्मा, लॅकेरिया. रोपवाटिकेतल्या आणि लागवडीनंतरच्या पहिल्या काही हंगामांसाठी त्या उत्तम आहेत. जुन्या जंगलाचं जाळं म्हणजे त्या नव्हेत.

(जाहिरातीत दिसणारं कापसासारखं पांढरं जाळं बहुधा कुजक्या लाकडावर जगणाऱ्या बुरशीचं असतं. ओरेगॉनमधली ती सुप्रसिद्ध अजस्र बुरशी, सुमारे ९६५ हेक्टरांवर पसरलेली, तीही मायकोरायझा नाही. ती आर्मिलारिया, मुळं कुजवून झाडं मारणारी.)

लेबल वाचताना

पहिलं, जातीचं पूर्ण नाव. नुसतं ‘मायकोरायझा १० टक्के’ याला काही अर्थ नाही. व्हॅममध्ये सर्वांत जास्त दिसणारं नाव रायझोफॅगस इर्रेग्युलॅरिस. ते काही पाकिटांवर ग्लोमस इंट्रारॅडिसेस या जुन्या नावाने येतं, तो दोष धरू नये. फनेलिफॉर्मिस मोसी हे पूर्वीचं ग्लोमस मोसी.

दुसरं, बीजाणूंचा आकडा, आणि इथे डोळे उघडे ठेवावेत. व्हॅमचा बीजाणू मोठा, साधारण ४० ते ४०० मायक्रॉनचा. काही तर नुसत्या भिंगाखाली दिसतात. पिसोलिथसचा बीजाणू १० मायक्रॉनच्या आसपास आणि एका फळात ते अब्जावधी. त्यामुळे मिश्र पाकिटावर ‘प्रति ग्रॅम लाखो बीजाणू’ असं लिहिलं असेल, तर ते जवळजवळ सगळे एक्टोचे असतात. आंब्याच्या रोपाला त्यातला एकही कामाचा नाही. जातवार आकडे वेगवेगळे दिलेले नसतील तर मिश्र पाकीट घेऊच नये. तसंही मिश्र घेतलं म्हणजे एका झाडासाठी बहुधा अर्धा माल वाया जातोच.

तिसरं, आकडा कशाचा? बीजाणू मोजणं सोपं, पण मेलेलेही मोजले जातात. ‘प्रोपॅग्यूल’ म्हणजे मुळात शिरकाव करू शकेल असा कोणताही जिवंत भाग, मग तो बीजाणू असो, धागा असो की मुळाचा तुकडा. तो पातळ करत नेलेल्या मिश्रणात रोपं वाढवूनच मोजता येतो. ज्या लेबलावर प्रोपॅग्यूल, चाचणीची तारीख आणि वापराची मुदत अशा तिन्ही गोष्टी आहेत, त्या उत्पादकाला आपला माल माहीत आहे.

चौथं, सोबतीला काय घातलंय? ह्युमिक आम्ल, समुद्रशेवाळाचा अर्क, जिवाणू, ट्रायकोडर्मा, थोडं नत्र-स्फुरद-पालाश असा मसाला अनेक पाकिटांत असतो. ट्रायकोडर्मा उपयोगी बुरशी असली तरी ती मायकोरायझा नाही. आठ दिवसांत पानं हिरवीगार झाली तर तो मसाल्याचा गुण समजावा, कारण मुळांत व्हॅम चांगलं पसरायला तीन ते सहा आठवडे लागतात. भरपूर स्फुरद घातलेलं मायकोरायझा तर स्वतःचाच पराभव करतं. फुकट मिळणाऱ्या स्फुरदापुढे झाड बुरशीला साखर द्यायचं कमी करतं आणि शिरकाव घटतो.

‘सर्व वनस्पतींसाठी’ असं लिहिलं असेल तर पाकीट परत ठेवावं. मोहरी, कोबी, फ्लॉवर, पालक, बीट यांच्या कुळांचं मायकोरायझाशी वाकडं आहे, मॅकाडेमियाच्या कुळाचंही. ऱ्होडोडेंड्रॉन आणि ब्लूबेरीला वेगळ्याच गटाची बुरशी लागते, ऑर्किडना आणखी निराळी.

प्रकारांत दाणेदार व्हॅम सर्वांत भरवशाचं. ते मुळाच्या वाटेत नेमकं ठेवता येतं आणि तिथेच राहतं. बारीक पावडर बियाण्याला किंवा ओल्या मुळांना चोळायला चांगली, मातीवर भुरभुरायला निरुपयोगी. मुळं बुडवायचं जेल उघड्या मुळांच्या रोपांसाठी सोयीचं, आणि वाटेत मुळं सुकत नाहीत हा त्याचा खरा फायदा. द्रवरूप व्हॅमबद्दल आमचं मत फारसं चांगलं नाही. मोठे बीजाणू तळाशी बसतात, ठिबकच्या तोट्या तुंबतात, आणि ओतलं तरी मातीचा वरचा थर गाळणीसारखा त्यांना अडवतो. एक्टोचे बीजाणू बारीक असल्याने त्यांचं द्रावण मात्र चालतं. मोठ्या झाडाभोवती भोकं पाडून खुपसायच्या गोळ्यांचा खप सर्वांत जास्त आणि गरज सर्वांत कमी. त्या झाडाच्या मुळांवर स्थानिक जाती आधीच बसलेल्या असतात आणि त्या जागा सोडत नाहीत.

रोपवाटिकेत वापरताना

माध्यमात स्फुरद कमी हवा. सुपर फॉस्फेट आणि हाडांचा चुरा पहिले सहा आठवडे वर्ज्य; कोंबडी खत नकोच. एका रोपाच्या मुळांना काही शे जिवंत प्रोपॅग्यूल लागावेत असा हिशेब धरावा. ग्रॅमला १०० असतील तर पिशवीमागे ५ ते १० ग्रॅम पुरतात, १० असतील तर दहापट लागतील, आणि मग स्वस्त पाकीट महाग पडतं. दाणे सगळ्या माध्यमात कालवण्याऐवजी बियांच्या खाली दोन-तीन सेंटिमीटरवर पातळ थर द्यावा, म्हणजे उतरणारं प्रत्येक मूळ त्यातून जातं. पुनर्लागवडीत खळग्याच्या तळाशी आणि मुळांच्या गड्डीला थेट लावावं. पाणी बेताचं द्यावं. माध्यमात वाफसा राहिला पाहिजे, कारण चिखलात हवा नसते आणि बुरशीला हवा लागते.

पाइनसारख्या एक्टोच्या झाडांना बी रुजल्यावर सहा-आठ आठवड्यांनी, बाजूची आखूड मुळं फुटू लागली की बीजाणूंचं द्रावण द्यावं आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा. पिसोलिथसचे बीजाणू पाण्यावर तरंगतात, भिजतच नाहीत. सौम्य द्रव साबणाचे दोन-चार थेंब घालून ढवळले की नीट मिसळतात. वरून साधं पाणी देऊन ते मुळांपर्यंत उतरवावेत.

बिघडतं ते बहुधा तीन जागी. कार्बेन्डाझिमसारखं आंतरप्रवाही बुरशीनाशक माध्यमात ओतलं की व्हॅमचा शिरकाव थांबतो. बियाण्याला आधीच प्रक्रिया केलेली असते आणि हे कुणाच्या लक्षात येत नाही. मेटॅलॅक्सिल या बुरशीनाशकाचं लक्ष्य वेगळं असल्याने त्याचा तसा त्रास होत नाही. दुसरं, उष्णता. उन्हात उभ्या गाडीत किंवा पत्र्याच्या गोदामात पाकीट राहिलं की वरून सगळं तसंच दिसतं, फक्त आतले जीव गेलेले असतात. तिसरी गोष्ट एक्टोपुरती: थेलेफोरा टेरेस्ट्रिस ही बुरशी रोपवाटिकांत वाऱ्याबरोबर आपोआप येते, रोपाच्या बुडाशी तपकिरी, पंख्यासारख्या कडा धरते आणि जागा अडवून बसते. मग आपण घातलेल्या बुरशीला टोकंच शिल्लक राहत नाहीत. ती काही रोगकारक नाही. तिने मुळं व्यापली असतील तर पाकिटाचा खर्च फुकट गेला, इतकंच.

पाकीट जिवंत आहे का?

स्वतंत्र चाचण्यांमध्ये बाजारातल्या अनेक उत्पादनांनी मुळांत अजिबात शिरकाव केलेला नाही, तेव्हा मोठी खरेदी करण्याआधी ही तपासणी करावीच. वाळू आणि हलकी माती समप्रमाणात मिसळून प्रेशर कुकरमध्ये एकेक तास दोन लागोपाठच्या दिवशी उकडावी. नंतर नऊ कुंड्या भराव्यात: तिघींत पाकिटातला माल, तिघींत तोच माल आधी उकडून मारलेला, तिघी कोऱ्या. मधल्या तीन कुंड्या टाळू नयेत. मसाल्याचा गुण आणि बुरशीचा गुण त्यांच्यामुळेच वेगळा कळतो. प्रक्रिया न केलेला मका पेरावा, स्फुरद द्यायचा नाही. पाच-सहा आठवड्यांनी मुळं काढावीत.

रंगवण्याची पद्धत घरगुती आहे, प्रयोगशाळांतही चालते. बारीक मुळं धुऊन एकेक सेंटिमीटर कापायची आणि १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये पारदर्शक होईपर्यंत गरम करायची. मक्याला काही मिनिटं पुरतात, झाडांच्या मुळांना कितीतरी जास्त वेळ लागतो. हे द्रावण कातडी आणि डोळे भाजतं, हातमोजे आणि चष्मा हवाच. मुळं भरपूर पाण्याने धुवायची. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ५ टक्के फाउंटन पेनची काळी किंवा निळी शाई घालून त्यात तीन मिनिटं उकळायची. मग व्हिनेगरचे काही थेंब टाकलेल्या पाण्यात वीस मिनिटं ठेवली की जादा रंग उतरतो.

सूक्ष्मदर्शकात १०० पट मोठं करून पाहिलं की मुळातून लांबीने धावणारे निळे धागे, अंडाकृती फुगे आणि पेशीच्या आत झुडपासारखी आर्बस्क्यूलं दिसायला हवीत. धाग्यांना ठरावीक अंतरावर आडव्या भिंती असतील तर ती दुसरी कुठली तरी बुरशी. १०० तुकड्यांपैकी किती तुकड्यांत शिरकाव आहे ते मोजलं की ढोबळ टक्केवारी मिळते. उकडलेल्या मालाच्या कुंड्यांत शून्य आणि जिवंत मालाच्या कुंड्यांतही शून्य, तर व्यवहार संपला. कोऱ्या कुंड्यांतही शिरकाव दिसला, तर माती नीट उकडली गेली नाही, पुन्हा करावं.

एक्टोला इतका खटाटोप नको. दहापट भिंगाने मुळांची टोकं पाहावीत. ती फुगीर, बोथट, केसमुळांविना असतील, पाइनमध्ये इंग्रजी ‘वाय’सारखी दुभंगलेली असतील, तर बुरशी बसली आहे. पिसोलिथस असेल तर सोनेरी-पिवळट छटा, रायझोपोगॉन बहुधा पांढरट. कोळशासारखी काळी, राठ केस असलेली टोकं सेनोकॉकमची, ती पाकिटातून नव्हे, मातीतून आली.

पाकिटाला पर्याय

त्याच जातीच्या निरोगी झाडाखालची, बारीक मुळांसकटची वरच्या १० सेंटिमीटरमधली माती, माध्यमात ५ ते १० टक्के मिसळली की बहुतेक वेळा पाकिटाएवढं काम होतं, आणि त्या हवेला सरावलेल्या जाती मिळतात. परदेशात पाइनची लागवड वारंवार का मरते हे कोडं असंच सुटलं होतं. पोर्तो रिकोत पाइनच्या जंगलातली माती आणून घातल्यावर पिवळी पडलेली रोपं वाढीला लागली. धोका उघड आहे: मातीबरोबर मुळं कुजवणारा फायटोफ्थोरा आणि सूत्रकृमी येतात. घरच्या पाच-पन्नास रोपांना चालेल, पण दूरवर रोपं पाठवणाऱ्या रोपवाटिकेने हा मार्ग टाळावा. संरक्षित जंगलातून तर मूठभरही माती उचलू नये.

उलट बाजूही आहे. पाकिटातली जात दूरच्या प्रदेशातून आलेली असू शकते, आणि एकदा मातीत रुजलेली बुरशी परत काढता येत नाही. परदेशी झाडांबरोबर न्यूझीलंडमध्ये पोचलेली लाल टोपीची अमानिटा तिथल्या मूळच्या नोथोफॅगस वृक्षांवर जाऊन बसली आहे. म्हणून जिथे नैसर्गिक जंगल जवळ आहे, तिथे स्थानिक मुळांवरून वाढवलेलं मिश्रण मिळत असेल तरच घ्यावं.

उघडलेलं पाकीट घट्ट बंद करून, कोरड्या जागी २५ अंशांच्या आत, उन्हापासून आणि खतांपासून दूर ठेवावं. पुढच्या हंगामात वापरण्याआधी मक्याची चाचणी पुन्हा करावी. त्यात मुळं कोरी निघाली आणि वाहक व्हर्मिक्युलाइटचा असला, तर उरलेला माल कुंडीची माती भुसभुशीत करायला घालून टाकावा. तेवढ्या कामाला तो चांगला आहे.